रोवेनाची रविवारची सुट्टी

४ मार्च २०२२, शुक्रवार

परवापासून ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू झाला. गेल्या वर्षी मी चहातली साखर सोडली आणि चाळीस दिवस सगळ्यांवर चिडचिड केली. म्हणून या वर्षी खाण्यापिण्यातलं काही सोडायचं नाही. मनात जे वाईट येईल ते खरं खरं लिहायचं, एवढंच. वही लेकीने, सोनमने दिलेली. ती मिरजेला नर्सिंगला लागली तेव्हा पाठवली होती, आजवर कोरीच होती.

पहिलं वाईट लगेच लिहून टाकते. खोलीत नवी बाई आली आहे आणि मला ती आवडलेली नाही.

नाव ग्लेंडा. पन्नाशीची, अंगाने भरलेली, हसरी. एका सलूनमध्ये बायकांची नखं रंगवते. तिसरा पलंग दोन महिने रिकामा होता, आज भरला. दारात बॅग ठेवली न ठेवली तोच तिने आणि रोवेनाने एकमेकींचं गाव विचारलं, आणि दोघी किंचाळल्याच. फिलिपिन्समधल्या एकाच बेटावरच्या निघाल्या. मग त्यांच्या बोलीत जे सुरू झालं ते दोन तास. मी भात लावला, वरणाला फोडणी दिली, आणि मला त्यातला एक शब्द कळला नाही.

रोवेना आणि मी सहा वर्षं इथे आखातात, अल कुसैसच्या या खोलीत आहोत. कामालाही एकाच ठिकाणी, अल क्वोजच्या लाँड्रीत. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल, टेबलक्लॉथ. ती इस्त्रीच्या मोठ्या मशीनवर, मी त्या हॉलची सुपरवायझर. कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसतो. संध्याकाळी जेवणाआधी एकत्र प्रार्थना करतो. ती कॅथलिक, मी नगरच्या मिशनच्या मंडळीतली, म्हणजे प्रोटेस्टंट चर्चची. ती माळ जपते, ते मला पटत नाही. पण प्रभूची प्रार्थना दोघींची एकच. ती तिच्या भाषेत म्हणते, मी मराठीत, आणि शेवटचं आमेन एकदम.

आज आमेन तीन झाले. माझं सगळ्यात शेवटी.

११ मार्च, शुक्रवार

रोवेना मला ‘आते’ म्हणते. त्यांच्यात आते म्हणजे मोठी बहीण. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मला वाटलं, ही मला आत्या करतेय, आणि मी रागावले होते. नंतर त्या शब्दाची सवय झाली. इथे मला दुसरं कुणी ताई म्हणत नाही. कामावर मी ‘मॅडम’, मॅनेजर मोईनभाईंची ‘दर्शनाबाई’.

आज ती ग्लेंडाला आते म्हणाली. ‘आते ग्लेंडा, मीठ दे.’

मीठ माझ्यासमोर होतं.

२० मार्च, रविवार

त्यांच्या देशात मे महिन्यात राष्ट्राध्यक्षाची निवडणूक आहे. इथे राहणाऱ्यांनाही मत देता येतं, इथल्याच त्यांच्या कॉन्सुलेटमध्ये. दहा एप्रिलला सुरू होऊन नऊ मेपर्यंत, महिनाभर. आमच्या बिल्डिंगपासून चालत वीस मिनिटं. मला हेवाच वाटला. मी शेवटचं मत दिलं त्याला तेरा वर्षं झाली. सोनमने मागे सांगितलं, ‘आई, तुझं नाव यादीतून गेलंय.’ मी मेले असते तर निदान कुणीतरी कुणाला कळवलं असतं. नाव गेलं ते कुणाला कळलंही नाही.

आज जेवताना ग्लेंडाने पर्समधून एक कागद काढला. तिची मंडळी वेगळी, रोवेनाच्या कॅथलिक चर्चची नव्हे; त्या मंडळीने छापलेली यादी. राष्ट्राध्यक्षापासून खालपर्यंत, कुणाकुणाच्या नावापुढचा गोल काळा करायचा ते सगळं ठरवून दिलेलं.

मी विचारलं, ‘आणि तुझं स्वतःचं मत?’

‘हेच माझं मत,’ ती म्हणाली. ‘दोन हजार तेराच्या वादळात आमचं गाव वाहून गेलं. तिसऱ्या दिवशी होडी घेऊन कोण आलं? सरकार नाही. मंडळीचे भाऊ आले. माझ्या नवऱ्याला त्यांनी पत्र्याखालून काढलं, धुतलं, माती दिली. वर्षभर माझ्या मुलींना तांदूळ दिला. ते सांगतात एक अंग होऊन मत द्या, तर मी देते. माझा हात वेगळा काढून मी काय करू?’

रोवेना भात चिवडत होती. मला वाटलं ती काही बोलेल. ती म्हणाली, ‘आते, अजून वरण आहे?’ मी वाटी पुढे केली. पण विचारलं होतं कुणाला, हे मला नक्की सांगता येणार नाही.

नावं मी इथे लिहीत नाही. मला त्यांचा उच्चारही नीट जमत नाही.

३ एप्रिल, रविवार

सलग तीन शुक्रवार कामावरून आल्या आल्या रोवेना अंघोळ करते, चांगला ड्रेस घालते आणि ग्लेंडाबरोबर जाते. पूर्वी शुक्रवारी आम्ही दोघी बाजारात जायचो, भाजी आणायचो. ‘कुठे?’ विचारलं तर म्हणते, ‘चर्चला, आते.’ तिचं चर्च कुठलं ते मला ठाऊक आहे. तिथे ती महिन्यातून एकदा जायची, तीही रविवारी. तेव्हा हे ग्लेंडाचं असणार. परवा परत आली तेव्हा डोळे सुजलेले होते. या असल्या मंडळ्यांत रडवतातच माणसाला, आणि रडलं की मंडळीत यायची सही घेतात.

आज सकाळी रोजच्या वाचनात हेव्यापोटी भावाला मारणाऱ्या काइनाची गोष्ट आली. मी पान उलटलं.

१० एप्रिल, झावळ्यांचा रविवार

आज रोवेनाची सुट्टी होती, माझीही. मतदान आजपासून सुरू झालं. सकाळी ती चर्चमधून झावळीचा छोटा क्रूस विणून घेऊन आली आणि माझ्या उशाशी ठेवला. मग पलंगाच्या कडेला बसली.

‘आते, माझ्याबरोबर येशील? कॉन्सुलेटला. तुला आत सोडणार नाहीत. बाहेर बस. नुसती बस.’

‘ग्लेंडा आहे ना.’

‘ती आहे. पण तू ये.’

मला एवढं बरं वाटलं की लगेच हो म्हणवेना. वाटलं, हिने अजून एकदा म्हणावं. म्हणून मी म्हटलं, ‘माझं काय काम तिथे? मी काय फिलिपिनो आहे?’

तिने अजून एकदा म्हटलं नाही. गेलीही नाही. दिवसभर भिंतीकडे तोंड करून झोपून होती. मी कपाट आवरलं, आवाज करून करून.

१७ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

आज लिहिलंच पाहिजे, कारण आज मी खोटं बोलले.

पहाटे दोघी सूर्योदयाच्या उपासनेला गेल्या. आठला परतल्या. ग्लेंडाने केळीच्या पानात गुंडाळलेला चिकट भात केला होता. रोवेनाने कंगवा फिरवला, पासपोर्ट पर्समध्ये टाकला. ग्लेंडा दारात उभी. दोघी मतदानाला निघाल्या, हे उघड होतं. या वेळी मला कुणी विचारलं नाही.

मी उठायला गेले आणि कमरेत एक चमक आली. खरंच आली, चिमूटभर. मी ‘आई गं’ केलं ते हातभर. रोवेना धावत आली. मग मी पडूनच राहिले. तिने गरम पाण्याची पिशवी दिली, मलम चोळलं, मला कुशीवर वळवलं. ग्लेंडा म्हणाली, ‘मी थांबते हिच्याजवळ, तू जाऊन ये.’ मी डोळे मिटून कण्हले.

रोवेना म्हणाली, ‘नको. आते माझी आहे, मी बघते.’

आते माझी आहे. दिवसभर ते शब्द मी तोंडात घोळवले. दुपारी दोनपर्यंत कंबर पूर्ण बरी होती. पाचपर्यंत मी पडून होते.

प्रभू उठला त्या दिवशी मी मुद्दाम झोपून राहिले. लिहिताना लाज वाटते, पण दिवस चांगला गेला हेही खरं.

२४ एप्रिल, रविवार

उपवासकाळ संपला. तरी वही सुटत नाही.

आज रोवेना एकटी कॉन्सुलेटला गेली, ग्लेंडाला सलूनमध्ये काम होतं. अर्ध्या तासात परत. बोट कोरं. मत दिलं की बोटाला शाई लावतात.

‘झालं?’

‘नाही. गेटपाशी होते तेवढ्यात गावाहून आईचा फोन आला.’

आईने फोनवर काय सांगितलं ते तिने सांगितलं नाही. पाणी प्यायली. मग म्हणाली, ‘आते, तू पवित्र शास्त्र वाचतेस. आई सांगते एक, सगळं गाव सांगतं तेच, आणि आपल्या मनात देव दुसरंच सांगतो. अशा वेळी आईचं मोडलं तर पाप लागतं का?’

मी भाजी निवडत होते. मला एवढंच ऐकू आलं की सहा वर्षांत हिने मला देवाबद्दल असं काही विचारलं नव्हतं. हे सगळं त्या बाईच्या यादीने पेटवलंय. घरी आईलाही हिने काहीतरी सांगितलं असणार, मंडळी बदलते म्हणून.

मी म्हटलं, ‘ग्लेंडाला विचार. तिच्याकडे छापील उत्तरं आहेत.’

रोवेना उठली. तिच्या पलंगाशेजारी तिच्या भावाचा फोटो चिकटवलेला आहे, आर्नेलचा. बास्केटबॉल धरलेला, दात दिसतील असा हसणारा. पाच वर्षांपूर्वी मोटरसायकलच्या अपघातात गेला. त्याच्यासमोर ती बराच वेळ बसली. संध्याकाळी कँटीनमधून आणलेल्या छोट्या टीव्हीवर त्यांच्या देशातल्या निवडणुकीची बातमी लागली, जुनी दृश्यं दाखवत होते, रस्त्यावर पडलेली माणसं, पोलिसांच्या गाड्या. रोवेनाने रिमोट घेऊन बंद केलं. ती नेहमीच करते. तिला मारामारी सोसत नाही.

२ मे, सोमवार, ईद

मोईनभाईंनी शीरखुर्म्याचा डबा आणला होता. मोईनभाई खेडकडचे, माझ्याशी मराठीतच बोलतात. हॉल तुडुंब आहे. हॉटेलं भरली आहेत, कालची सगळ्यांची सुट्टी रद्द झाली. पुढच्या आठवड्याची पाळ्यांची यादी माझ्याकडे आली. रोवेनाची सुट्टी रविवारी, आठ तारखेला.

आज सकाळी बसमध्ये ती माझ्याशेजारी न बसता मागे बसली. फोनवर ग्लेंडाशी बोलत होती, मला दोनच शब्द कळले. ‘आठ’ आणि ‘आते’. ती आते मी नव्हे.

मी तिची रविवारची सुट्टी खोडून मंगळवारी, दहाला टाकली. मोईनभाई म्हणाले, ‘अहो दर्शनाबाई, हिने आठ मागून घेतली होती ना? चालेल तिला?’

‘चालेल. ईदची गर्दी आहे. तिला काही नाही त्याचं.’

त्यांनी सही केली. शीरखुर्मा गोड होता. मी दोनदा घेतला.

५ मे, गुरुवार

रोवेना जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी आली. मॅडम म्हणाली. खोलीत आते, पण इथे मॅडम, हा आमचा नेहमीचाच नियम. तरी आज तो शब्द टोचला.

‘मॅडम, रविवारी नाही तर सोमवारी अर्धा दिवस? सोमवारी तीनला बंद होतं. शेवटचा दिवस आहे.’

‘महिनाभर होता की तुला.’

‘हो,’ ती म्हणाली. ‘महिनाभर मला धीर होत नव्हता. आता झालाय.’

‘बघू.’

ती थोडा वेळ उभी राहिली. मी टॉवेलांची मोजदाद करतेय असं दाखवलं. शिफ्ट सात ते चार. बसने घरी पोचायला वर दीड तास. बघण्यासारखं काहीच नव्हतं. मी आधीच बघून ठेवलं होतं.

८ मे, रविवार

रोवेना कामावर होती. एक चादर तिच्या हातून मशीनमध्ये दुमडली आणि जळली. सहा वर्षांत पहिली. मी काही बोलले नाही. बोलले असते तर बरं झालं असतं, ती भांडली असती.

१० मे, मंगळवार, सकाळ

काल लिहिण्याची ताकद नव्हती. आज रोवेनाची सुट्टी आहे, मी तिला दिलेली. ती झोपलेली आहे. मी दुपारच्या पाळीला जाणार आहे. तोवर सगळं लिहून काढते.

काल सव्वा वाजता ग्लेंडाचा फोन आला. तिने मला कधी फोन केला नव्हता.

‘आते दर्शना, मी रांगेत आहे. आमचं दोघींचं एकत्रच यायचं ठरलं होतं. तीनला गेट बंद करतात. रोवेनाला सोड.’

मी म्हटलं, ‘कामाची वेळ आहे. तुझ्या मंडळीच्या यादीसाठी मी मशीनवरचा माणूस सोडू शकत नाही.’

ती म्हणाली, ‘माझ्या मंडळीची यादी? रोवेना तर यादीच्या उलट मत देणार आहे. तुला माहीत नाही?’

‘मग दर शुक्रवारी तिला कुठे नेतेस?’

‘मी कुठे नेते? ती मला नेते. तिच्याच चर्चमध्ये, ऊद मेथाला. आर्नेलसाठी मेणबत्ती लावायला. एकटीला तिला आत पाऊल टाकवत नाही. मी दाराशी उभी राहते. आमच्यात मेणबत्त्या चालत नाहीत.’

‘अपघातात गेलेल्या माणसासाठी पाच वर्षांनी…’

‘अपघात नव्हता गं,’ ती म्हणाली. मागे रांगेचा गलका ऐकू येत होता. ‘तोंड बांधलेली दोन माणसं आली. तो दुकानातून ब्रेड घेऊन येत होता, तिथेच मारलं. अंमली पदार्थवाल्यांच्या सरकारी यादीत कुणीतरी त्याचं नाव घातलं होतं. का, कुणाला ठाऊक नाही. मातीला शेजारी आले नाहीत, भीतीने. पाद्रीबाबा आला आणि आई. बाकी कुणी नाही. तो पाद्री आजही त्या आयांना गोळा करून प्रार्थना घेतो. जो उमेदवार या खुनांची चौकशी करू म्हणतो त्याला रोवेनाला मत द्यायचंय. आई म्हणते नको, आम्हाला इथे राहायचंय. महिनाभर पोर नुसती जळतेय.’

मी कपड्यांच्या ट्रॉलीला धरलं. आणि मी विचारलं काय? मी विचारलं, ‘हे तुला सांगितलं. मला का नाही?’

ग्लेंडा म्हणाली, ‘ती नवीन आली होती तेव्हा तुमच्या कँटीनमध्ये टीव्हीवर असलेच खून दाखवत होते. तू म्हणालीस, उगाच कोण कुणाला मारतं, काहीतरी केलंच असेल.’

मला ते आठवत नाही असं मी लिहिणार होते. आठवतं. हातात पराठा होता.

मी मोईनभाईंच्या केबिनमध्ये गेले. ‘रोवेनाला आत्ता सोडायचंय. गाडी पाहिजे.’

‘आत्ता? चारची डिलिव्हरी आहे, दर्शनाबाई. आणि तुम्हीच तर म्हणालात, तिला काही नाही त्याचं.’

‘मी खोटं बोलले. तिच्या मशीनवर मी उभी राहते.’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. ड्रायव्हर यहयाला हाक मारली. ‘कुसैस, कॉन्सुलेट. यल्ला, हबीबी, पटकन.’

रोवेना मशीनपाशी होती. मी तिचे हातमोजे काढून घेतले आणि म्हटलं, ‘जा.’ तिने का विचारलं नाही. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, पळाली. तेव्हा दीड वाजून गेला होता. घरापर्यंत गाडीने अर्धा तास. भरपूर वेळ होता.

मशीन गरम होतं. सहा वर्षं मी तिला लांबून सूचना देत होते, एक तास उभी राहिले तर मनगटं भाजली. अडीचला यहयाचा फोन, वाटेत मिर्दिफपाशी ट्रेलर आडवा झालाय, सगळं बंद आहे. दोन पन्नासला, सुटलो. तीन वाजून नऊ मिनिटांनी, ‘मॅडम, गेट बंद. ती गेटसमोर उभी आहे. मी काय करू?’

घरी आले तेव्हा रोवेना पलंगावर बसलेली, पायांत कामाचे बूट तसेच. ग्लेंडा खाली तिच्या पायांशी. ग्लेंडाच्या बोटाला शाई होती आणि ती तो हात ओढणीखाली लपवत होती. दोन अठ्ठावन्नपर्यंत तिने मागच्यांना पुढे सोडत जागा धरून ठेवली होती. मग अधिकारी म्हणाला, आत या नाही तर घरी जा.

मी म्हटलं, ‘रोवेना, एका मताने काय होणार होतं?’ देवाशपथ, मला तिला धीर द्यायचा होता.

ती म्हणाली, ‘मी कुणाला निवडून आणायला जात नव्हते, आते. मला एकदा कुठेतरी लिहायचं होतं की माझा भाऊ होता.’

११ मे, बुधवार

निकाल जवळजवळ लागला. ग्लेंडाच्या मंडळीचाच उमेदवार, कोटीहून जास्त मतांच्या फरकाने. म्हणजे मी म्हणाले ते बरोबरच होतं, एका मताने काही झालं नसतं. हे वाक्य मी दिवसभर स्वतःला सांगून पाहिलं. ते खरं असूनही उपयोगाचं नाही.

रोवेना माझ्याशी बोलते. ‘बस आली.’ ‘गॅस संपत आलाय.’ आते म्हणत नाही. प्रार्थनेला बसते, पण तिचं आमेन मला ऐकू येत नाही.

आणि तरीही, हे लिहिल्याशिवाय राहवत नाही, काल ग्लेंडाने रोवेनाचे केस विंचरले तेव्हा माझ्या मनात तसंच पेटलं, जसं पहिल्या दिवशी. एवढं करूनही ते विझलेलं नाही.

१५ मे, रविवार

ग्लेंडा सकाळी तिच्या मंडळीत गेली आणि दुपारी बाराच्या आत परत आली. नेहमी चारला येते. चपला काढल्या, पर्स ठेवली आणि म्हणाली, ‘मला काही दिवस येऊ नको म्हणाले. वडीलजनांचा निर्णय होईपर्यंत.’

रोवेना उठून बसली. ‘का?’

‘सगळ्यांना एकेक करून विचारत होते. यादीप्रमाणे केलंस ना, म्हणून. मी म्हटलं, एक नाव सोडून बाकी सगळं.’

‘कुठलं नाव?’

ग्लेंडाने आर्नेलच्या फोटोकडे पाहिलं. रोवेनाने तोंडावर हात ठेवला.

मीच विचारलं, ‘अगं, खोटं सांगायचं. आत कोण बघायला आलं होतं?’

‘प्रार्थना करून विचारलं त्यांनी. प्रार्थनेनंतर खोटं कसं बोलू?’ ती नळाशी गेली, तोंड धुतलं, पदरासारखी ओढणी तोंडावरून फिरवली. ‘मी रागाने नाही केलं. मंडळीने मला दिलं ते खरंच होतं. त्यांनी माझ्या माणसाला हातांनी उकरून काढलं, मी मरेपर्यंत विसरणार नाही. मी कागद घेऊन उभी होते, यादी शेजारी ठेवली होती. पहिला गोल काळा करायला गेले आणि वाटलं, माझ्या नवऱ्याच्या मातीला भाऊ आले, बहिणी आल्या, गाणं झालं. त्या पोराच्या मातीला कुणीच नव्हतं. आणि याची बहीण रस्त्यात अडकलीय. म्हटलं, प्रभू, बाकीची सगळी तुझ्या मंडळीची. हे एक त्याचं.’

रोवेना तिच्या गळ्यात पडली. दोघी त्यांच्या बोलीत काय काय म्हणत होत्या. मला एक शब्द कळला नाही, आणि कळायची गरजही नव्हती.

मी वीस वर्षं दर रविवारी शेजाऱ्यावर प्रीती करण्याबद्दल ऐकलंय, मुलांना शिकवलंय, नगरच्या संडेस्कूलमध्ये त्यासाठी बक्षीस घेतलंय. ज्या बाईला मी अडीच महिने पाण्यात पाहिलं तिने तिच्यापाशी होतं तेवढं सगळं एका मेलेल्या पोराला देऊन टाकलं. मला तिचा हेवा वाटला. पण या वेळी रोवेनासाठी नाही. ग्लेंडाने जे केलं ते करण्याची पाळी माझी होती, म्हणून.

२२ मे, रविवार

रोवेना आणि ग्लेंडा एक तारखेपासून शारजात जागा घेणार आहेत. काल सांगितलं. ग्लेंडाच्या सलूनची नवी शाखा तिकडे आहे, रोवेना बसने ये-जा करेल. मी म्हटलं, बरं.

आज तिघींनाही सुट्टी होती. ग्लेंडाला जायला चर्च नव्हतं, ती खिडकीशी बसून शास्त्र वाचत होती. रोवेना कपडे घडी करत होती. मी आठवडाभर मनात लिहून ठेवलेलं सगळं सांगितलं. पुनरुत्थानाच्या दिवशी माझी कंबर दुखत नव्हती. आठ तारखेची सुट्टी मोईनभाईंनी नाही, मी खोडली. का खोडली तेही सांगितलं, की तू हिला आते म्हणालीस म्हणून. पन्नाशीकडे आलेल्या बाईला हे बोलताना कसं वाटतं ते लिहिता येत नाही.

तिच्या हातातली घडी थांबली नाही. ‘माहीत आहे,’ ती म्हणाली.

‘कुठलं?’

‘सगळं. तुझी कंबर दुखते तेव्हा तू कण्हत नाहीस, चिडतेस. आणि खाडाखोड तुझ्या अक्षरात होती.’

‘मग तू बोलली का नाहीस? भांडायचं माझ्याशी.’

‘रागावले होते. अजून आहे.’ तिने घडी ट्रंकेत ठेवली. ‘आणि वाट बघत होते. ग्लेंडाने तुला फोनवर सांगितल्याला तेरा दिवस झाले. तू मला तुझ्याबद्दल सांगतेस. माझी सुट्टी, तुझी कंबर. त्याच्याबद्दल एकदाही विचारलं नाहीस.’

ते खरं होतं. तेरा दिवस मी माफी कशी मागायची याचा विचार करत होते, मला माफ करतील का याचा. त्या पोराचा नाही.

मी तिच्या पलंगापाशी खाली बसले. भिंतीवर तो हसत होता. मी म्हटलं, ‘रोवेना, त्याने काही केलेलं नव्हतं. आणि केलेलं असतं तरी मी ते बोलायला नको होतं.’ मग विचारलं, ‘आर्नेल कसा होता?’

तिने उरलेले कपडे ट्रंकेत ठेवले. मला वाटलं, उशीर झाला. मग तिने ट्रंकेचं झाकण लावलं आणि त्यावर बसली.

‘आळशी होता,’ ती म्हणाली. ‘फार आळशी. शाळेत जाताना बूट मी बांधायचे त्याचे. दहा वर्षांचा होता तरी…’

गाणं कसं म्हणायचा, कुत्र्याला कुठलं नाव ठेवलं होतं, आईच्या पाकिटातून पैसे काढून मित्रांना भजी कशी खाऊ घातली आणि मार कसा खाल्ला, सगळं. मधेच इंग्रजी अपुरं पडलं की ती तिच्या बोलीत जायची, आणि ग्लेंडा खिडकीपासून मला त्याचा अर्थ सांगायची. भात गार झाला. कुणी उठलं नाही.

एक तारखेला त्या जाणारच आहेत. रोवेनाने आज मला आते म्हटलं नाही.

पण ती दोन तास बोलली, आणि त्या दोन तासांत ग्लेंडाने खोलीतून उठून जावं असं मला एकदाही वाटलं नाही.